साफ छाती

जयवंतीच्या अप्पांची छाती भिंतीवर साफ आली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या अप्पांसाठी नव्हत्या, बीजकोश नावाच्या कंपनीसाठी होत्या. जयवंती ज्या झवेरींच्या गुंतवणूक कंपनीत काम करायची, तिथे एक रीत होती. ज्या धंद्यात लोकांचा पैसा घालायचा, त्यात आधी आपल्या घरचं काहीतरी ठेवायचं. झवेरींचे आजोबा धान्याचे व्यापारी, पोतं घेण्याआधी चार दाणे स्वतः चावून बघायचे. नातवाने तीच सवय पुढे चालवली. या वेळी समोर दोन कंपन्या होत्या आणि दोघींचा धंदा एकच, माहिती साठवण्याचा. म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाने घरची एक वस्तू दोन्हीकडे ठेवायला दिली आणि महिन्याभराने परत मागितली.

कुणी लग्नाचे फोटो दिले, कुणी बारशाचे. झवेरींनी स्वर्गवासी आईने गायलेलं स्तवन दिलं. जयवंतीने अप्पांच्या छातीचा एक्स-रे दिला. त्यात तिचा काही डाव नव्हता. अप्पांचे फोटो घरात नव्हतेच. खडी क्रशरवर राबणाऱ्या वडाराचा फोटो कोण काढतो? एक्स-रे मात्र गादीखाली गठ्ठ्याने होते.

भिंतीच्या डाव्या बाजूला स्फटिक कंपनीने परत दिलेला एक्स-रे होता. कळकट. कोपऱ्यात चहाचा डाग, मधोमध घडी, आणि दोन्ही फुफ्फुसांवर मूठभर बाजरी उधळावी तसे पांढरे ठिपके. उजव्या बाजूला बीजकोशचा. त्यात डाग नव्हता, घडी नव्हती. ठिपकेही नव्हते.

"मूळच्यापेक्षा छान आलाय की," शेजारच्या टेबलावरचा पुष्कर म्हणाला. "जया, वडिलांना फोन कर. म्हणावं, घरबसल्या बरे झालात."

सगळे हसले. जयवंतीला वाटलं, फाइल दुसऱ्या कुणाची आली. ती उठून भिंतीजवळ गेली. डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड वाकडं जुळलेलं होतं. ती सातवीत असताना खाणीतला दगड निसटून अप्पांच्या खांद्यावर बसला होता, त्याची ही खूण. म्हणजे हाड अप्पांचं होतं. बरगड्या अप्पांच्या होत्या. फक्त आजार गेला होता.

"सर, हे चुकलंय."

"काय चुकलंय, बेटा? डाग गेला." झवेरी खुशीत होते.

"डागाबरोबर सिलिकोसिसपण गेलाय."

दगडाच्या धुळीने फुफ्फुसं दगड होतात त्या आजाराचं हे नाव खोलीत कुणाला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्यांच्या घरांच्या पायात जी खडी आहे ती फोडताना उडालेली धूळ दुसऱ्यांनी खाल्ली होती.

*

झवेरींनी तिला बीजकोशच्या कारखान्यात पाठवलं. "जाऊन बघ. चूक असेल तर आत्ताच कळलेली बरी."

त्या वर्षांत साठवणुकीच्या धंद्याला सोन्याचे दिवस आले होते. डेटा सेंटरांनी शहरांचं पाणी प्यायलं, वीज खाल्ली, शेवटी सरकारने नवे परवाने बंद केले. पण दवाखाने, कोर्टं, बँका, सगळ्यांच्या जुन्या नोंदी तर ठेवायच्याच होत्या. मग दोन वाटा निघाल्या. स्फटिकवाले गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, काचेत लेसरने बारीक ठिपके कोरायचे. काच हजार वर्षं टिकेल, पण काम संथ आणि महाग. बीजकोशवाले डीएनएचे धागे बनवायचे. आपलं शरीर ज्या चार रसायनांच्या अक्षरांत लिहिलेलं आहे, त्याच अक्षरांत ते एक्स-रे लिहायचे, सातबारा लिहायचे, लग्नाचे फोटो लिहायचे. एका कुपीतल्या चिमूटभर पावडरीत अख्ख्या जिल्ह्याचं दप्तर मावायचं. वीज नको, पाणी नको.

कंपनीचा संस्थापक ईशान करमरकर वयाने जयवंतीपेक्षा लहान होता. हसतमुख, नम्र. त्याने तिला स्वतः पाणी आणून दिलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"धागे तुटतात, मॅडम. म्हणून पूर्वी प्रत्येक धाग्याच्या ढीगभर प्रती ठेवायचो. एक तुटला तर दुसरा. पण प्रत म्हणजे खर्च. स्फटिकने भाव पाडला, आम्हाला पाडावा लागला. मग आम्ही प्रती कमी केल्या. त्यांनी आणखी पाडला. तेव्हा लक्षात आलं, सगळं लिहायची गरजच काय?"

"म्हणजे?"

"छातीचा एक्स-रे घ्या. हाडं कुठे, हृदय केवढं, एवढा सांगाडा आम्ही लिहितो. वाचताना बाकीचं आमचं यंत्र भरतं. त्याने लाखो छात्या बघितल्यात, त्याला माहीत असतं छाती कशी असते. आम्ही त्याला भरणी म्हणतो."

"कुणाच्या छात्या बघितल्यात त्याने?"

"ज्या मिळाल्या त्या. विम्याच्या तपासण्या, नोकरीआधीच्या तपासण्या..."

"म्हणजे धडधाकट माणसांच्या."

"बहुतेक." त्याने खांदे उडवले. "यंत्र सर्वांत संभवनीय ते दाखवतं. हजारात एखादं चुकत असेल."

"आमच्या खाणपट्ट्यातल्या वस्तीत हजार माणसं नाहीत, करमरकर. आणि ती एखादी चूक दर वेळी आमच्याच घरात येते."

तो ओशाळला नाही. लबाड माणूस परवडतो, निदान नजर तरी चुकवतो. हा सरळ डोळ्यांत बघून म्हणाला, "आम्ही करारात 'दिसायला सारखं' असं लिहितो. 'तेच' असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि आम्ही सेवाही करतो मॅडम. तुमच्याच खाणपट्ट्यातल्या धर्मादाय दवाखान्याचे सगळे जुने एक्स-रे आम्ही फुकटात ठेवून घेतलेत."

जयवंतीच्या हातातला पेला खाली आला. "आणि मूळ फिल्मा?"

"त्यांनी विकल्या. जुन्या फिल्मांत चांदी असते ना."

त्या फिल्मांवर एक अख्खा खटला उभा होता. खाणपट्ट्यातली पन्नासेक माणसं धुळीने मेली होती किंवा मरायला टेकली होती. क्रशरचे मालक म्हणत होते, आमच्या धुळीने कुणी मेलं नाही, यांना टीबी होता, दारू होती, नशीब होतं. मेलेल्यांनी जिवंतपणी त्या धर्मादाय दवाखान्यात छातीचे फोटो काढले होते. तेवढाच पुरावा. आता त्या पावडरीतून ते फोटो बाहेर काढले की सगळ्या छात्या साफ येणार होत्या.

*

जयवंतीने टिपण लिहिलं. एक ओळही गुळमुळीत ठेवली नाही. बीजकोश साठवत नाही, अंदाज विकते, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं.

झवेरींनी ते वाचलं, चष्मा काढला. पुष्करही तिथे बसला होता.

"तू लिहिलंयस ते शंभर टक्के खरं आहे," झवेरी म्हणाले. "आणि म्हणूनच मी बीजकोशमधली ठरलेली गुंतवणूक दुप्पट करतोय."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"अगं, ज्या गोदामात माल ठेवायलाच लागत नाही, त्या गोदामाचं भाडं म्हणजे निव्वळ नफा," पुष्कर म्हणाला. "तूच तर शोधून काढलंस. तुझं नाव अहवालात पहिलं टाकू."

"आणि उद्या लोक परत मागायला आले तर?"

"कोण येतं?" झवेरींचा आवाज मऊ होता. "बेटा, माणूस ठेवतो आणि विसरतो. ठेवलंय एवढ्यावर त्याला झोप लागते. आपण झोप विकतो. जो कमी ठेवील तो स्वस्त देईल, जो स्वस्त देईल तो टिकेल. सकाळी स्फटिकवाल्यांचा फोन होता. तेही भरणी घेतायत. नाहीतर दिवाळीपर्यंत कुलूप लागेल त्यांना."

जयवंती म्हणाली, "सर, तुमच्या आईच्या स्तवनात मध्येच खोकला येतो, असं तुम्ही सांगितलं होतं."

"हां. शेवटचं आजारपण होतं तिचं."

"बीजकोशने परत दिलंय, त्यात खोकला आहे?"

झवेरी खिडकीबाहेर बघू लागले. पुष्करने फोन काढला.

"नाही," झवेरी म्हणाले. "ऐकायला बरं वाटतं आता." मग त्यांनी चष्मा चढवला. "हे सगळं या खोलीतच राहील, जया. गुप्ततेच्या करारावर तुझी सही आहे."

*

वस्तीवर अप्पा, म्हणजे यल्लप्पा धोत्रे, ऑक्सिजनच्या मशीनला नळीने बांधलेले बसून होते. त्यांना आडवं होता येत नव्हतं, दम कोंडायचा. बसूनच झोपायचे. बाजूला वस्तीचा खटला लढवणाऱ्या वकीलबाई शबाना मुजावर होत्या, आणि काशव्वा. तिचा नवरा तिमण्णा अप्पांच्या जोडीने सुरुंगाची भोकं पाडायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

जयवंतीने सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं, मग हसायचा प्रयत्न केला.

"मी साफ हाय म्हंतंय व्हय त्ये? मग ती मशीन बंद कर. लाइटबिल तरी वाचंल."

"अप्पा, थट्टा नको."

"थट्टा मी करतोय का त्ये?"

मुजावरबाईंनी कपाळ धरलं. "जयवंती, नीट ऐक. कामगार भरपाई आयुक्तांपुढे सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तू गप्प बसलीस, तर ते दप्तर खरं ठरणार आणि सगळे निरोगी होते असं निघणार. तू बोललीस, तर ते दप्तरच बाद होणार. मग जे गेले त्यांच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. बोललीस तर मेलेल्यांची केस मेली. नाही बोललीस तर ते धडधाकट मेले."

"अप्पांच्या खऱ्या फिल्मा आहेत की आपल्याकडे."

"एकाच्याच. बाकीच्यांच्या दवाखान्यातच होत्या. आणि यांच्यावरही नाव हाताने लिहिलेलं. मालकाचा वकील पहिल्याच मिनिटाला विचारील, ही यांचीच कशावरून? नवा एक्स-रे काढला तर म्हणेल, आजकाल कुठल्या मशीनमध्ये भरणी नसते? आणि खोटं थोडंच बोलेल."

काशव्वा इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती एकदम उसळली.

"माझा नवरा रगताच्या गुळण्या टाकत मेला. मी परात धरली व्हती त्येच्या तोंडाखाली. आन् ह्यांची भुकटी म्हंतीया त्यो धडधाकट व्हता?" तिने जयवंतीकडे बोट केलं. "तू शिकलीस ना गं? मोठ्या लोकात बसतीस ना? मग बोल. पैका मिळो न मिळो. त्येला धडधाकट म्हणू देऊ नगंस."

जयवंती अप्पांकडे वळली. नोकरी जाणार होती. मशीनचे हप्ते, औषधं, हे घर, सगळं त्या नोकरीवर चालत होतं. अप्पांनी ते ओळखलं.

"माझ्याकडं बगू नगंस," ते म्हणाले. "मी किती दिवसाचा? बोल तू."

*

ती बोलली. आयुक्तांसमोर उभी राहून तिने दोन्ही एक्स-रे लावले आणि भरणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याच दिवशी झवेरींच्या ऑफिसात तिचं कार्ड चालेनासं झालं. पुष्करने मेसेज पाठवला, 'बापाच्या एका फोटोसाठी एवढं?' तिने उत्तर दिलं नाही.

बीजकोशला काय झालं? काही नाही. पेपरात दोन दिवस आलं. कंपनीने खुलासा केला की करारात सगळं स्पष्ट आहे. तिसऱ्या दिवशी बाजारात एक बातमी फिरली, बीजकोशला साठवणुकीचा खर्च प्रतिस्पर्ध्यांपेक्षा फार कमी येतो, आणि शेअर चढला. तिच्याच टिपणातली वाक्यं दलालांच्या तोंडी होती.

आयुक्तबाई मात्र विचारी निघाल्या. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी सांगितलं, "हे दप्तर कामगारांना निरोगी म्हणतं. ते खोटं आहे असं तुमचं म्हणणं. ठीक. या दप्तरात ज्याची छाती साफ आहे, अशा एका तरी माणसाच्या छातीत दगड होता, हे माझ्यासमोर सिद्ध करा. चित्राने नको, चित्रांवर माझा विश्वास उरलेला नाही. एक सिद्ध झाला, तर दप्तरातल्या बाकीच्या साफ छात्याही मी धरणार नाही. मग क्रशरवरची हजेरी आणि मरणाचे दाखले बघून निकाल देईन."

मालकांचा वकील गालात हसला. चित्र नको, मग काय आणणार?

घरी मुजावरबाईंनी हे सांगितलं तेव्हा अप्पांनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "मला फाडा."

"अप्पा!"

"मेल्यावर गं. जित्तेपणी न्हवं." त्यांना धाप लागली. थांबून थांबून ते बोलत राहिले. "दवाखान्याच्या त्या दप्तरात मी बी हाय ना? साफ? मग झालं की. तीस वर्सं मी आत भरून ठिवलंय. कुठल्या कंपनीला न्हाई जमलं ते. काढा आन् दावा."

"नाही." जयवंती उठून उभी राहिली. "मी सही करणार नाही. आपल्यात जाळतसुद्धा नाहीत, अख्खं माणूस मातीला देतात. तुम्हाला त्या टेबलावर... नाही."

"तिमण्णाला अख्खा दिला मातीला. काय झालं? धडधाकट झाला त्यो." अप्पांनी तिचा हात धरला. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, पण ती सोडवू शकली नाही. "तू शेरात दुसऱ्याचं ठिवून घ्यायच्या कंपन्या तपासत व्हतीस. आता बापाचं तपास."

ती रडली नाही. तिला संताप आला होता. बापाचा, वकीलबाईंचा, त्या नम्र करमरकरचा. एका माणसाला खरा ठरण्यासाठी मरावं लागतं, आणि मरूनही पुरत नाही, फाडून घ्यावं लागतं, याचा.

थंडी सुरू झाली आणि अप्पा गेले. बसल्या बसल्याच गेले. मशीन चालूच होतं.

भावकी जमली. थोरले चुलते दारात आडवे उभे राहिले. "बापाला खाटकाकडं नेतीस? पैशापायी?"

"हो, नेते," जयवंती म्हणाली. "तुम्हाला राग येतोय ना काका? हाच राग क्रशरवर दाखवला असता तर आज न्यायची वेळ आली नसती."

चुलत्यांनी हात उगारला. काशव्वा मध्ये आली. "हात खाली घ्या दाजी. पोरीनं सही केलीया. माझी बी घ्या, मी मेल्यावर मला बी फाडा. मीबी धा वर्सं खडी उचललीया."

काका बाजूला झाले. तेच पुढे गाडीत अप्पांच्या पायाशी बसले, वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. "मी बघणार," म्हणाली, आणि दाराशी उभी राहिली. फार काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. फुफ्फुस कापताना आवाज होत नाही, डॉक्टर नंतर सांगत होते, स्पंज कापल्यासारखं असतं ते. इथे आवाज येत होता. वाळूतून विळा ओढावा तसा, करकर. डॉक्टर थांबले. पात्याची धार बोटाने तपासली आणि मदतनिसाला म्हणाले, "पातं बदल."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बदल."

*

सुनावणीच्या दिवशी पोलिसाच्या सोबत लाख लावलेली बरणी आली. डॉक्टर आले, त्यांनी शपथेवर सांगितलं की हे यल्लप्पा धोत्रे यांचं उजवं फुफ्फुस, मी काढलं, मी लाख लावली. बरणी आयुक्तांच्या टेबलावर ठेवली गेली. काळसर करडा गोळा, नदीतल्या गोट्यासारखा, मधून चिरलेला. चिरेत पांढरे खडे चमकत होते.

आयुक्तांनी हातमोजे मागवले. डॉक्टरांनी बरणी उघडली, चिमट्याने एक खडा काढून स्टीलच्या वाटीत टाकला. वाटीत टाकलेल्या खड्याचा होतो तसाच आवाज झाला. भिंतीवरच्या पडद्यावर त्या वेळी बीजकोशच्या दप्तरातली यल्लप्पा धोत्रेंची छाती लावलेली होती. साफ.

मागच्या बाकांवर वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. काशव्वाने पदर तोंडाला लावला होता.

आयुक्तांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. दप्तरातल्या साफ छात्या पुराव्यात धरल्या जाणार नाहीत. मृत कामगारांचे दावे कायम. आता एकेक नाव घेऊ." लेखनिकाने पहिलं नाव पुकारलं, तिमण्णा.

काशव्वा उठून पुढे आली. तेवढ्यात मालकांचा वकील अर्धवट उभा राहिला. त्याने खुर्ची मागे सरकवली होती, तोंड फिरवलं होतं.

"मॅडम, विनंती आहे. कामकाज चालेपर्यंत ते... ते टेबलावरचं झाकून ठेवता येईल का?"

आयुक्तांनी जयवंतीकडे पाहिलं. बरणी तिच्या बापाची होती.

"नाही," जयवंती म्हणाली.